आमचा चतुष्पाद विद्यार्थी

वऱ्हाडांतील पुष्कळ जुन्या घरांप्रमाणें आमच्याही देवघरांत दत्तात्रेयाची तसबीर आहे. श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान जें लाडांचें कारंजें, तें याच प्रांतांत असल्यामुळें दत्तभक्ति येथें परंपरेनेंच चालत आलेली आहे. त्या तसबिरींत दत्तप्रभूंच्या पायांशीं चार श्वान आहेत. ते चार वेदांचें प्रतीक होत, असें आम्ही घरांतील मुलांस वर्षानुवर्षें सांगत आलों. परंतु गेल्या कार्तिकांत आमचा आठ वर्षांचा नातू संत्र्यांच्या रिकाम्या खोक्यांत एक जिवंत श्वानशिशु घालून दारांत उभा राहिला, तेव्हां तो अर्थ ज्यांनीं ज्यांनीं ऐकला होता त्या सर्वांच्या मुखांतून एकच उद्गार निघाला, "आधीं तें बाहेर ठेव!" आणि खरें सांगावयाचें तर तो उद्गार सर्वांत मोठ्यानें आम्हींच काढला होता.

त्या पिल्लाची पूर्वपीठिका थोडक्यांत अशी. आमचें नांदगांव पेठ हें अमरावतीहून नागपुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेलें आहे. जवळच औद्योगिक वसाहत झाल्यापासून या रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ अहोरात्र चालू असते. एके पहाटे अशाच एका मोटारीखालीं पिल्लांची आई सांपडली. मागें राहिलेल्या चार पिल्लांपैकीं दोन थंडीनें गेलीं, एक शेजारच्या आळींत कोणीं नेलें, आणि चौथें आमच्या दारीं आलें. पशुवैद्यांनीं त्याचे दांत पाहून वय सात आठवड्यांचें ठरविलें.

नांवाचा प्रश्न प्रथम उपस्थित झाला. देवशुनी सरमा हिच्या वंशजांस संस्कृतांत सारमेय म्हणतात; तेंच नांव आम्हीं सुचविलें. नातवानें तें दोनदां उच्चारून पाहिलें आणि 'मोती' असें ठेविलें. पुढें अनुभवानें कळलें कीं, त्याचाच निर्णय योग्य होता. दोन अक्षरांचें, स्पष्ट उच्चाराचें नांव पिल्लास बोलण्याच्या ओघांतून चटकन वेगळें ओळखतां येतें.

आमचें कुटुंब अकरा माणसांचें. त्यांत सर्वांत वडील आमच्या काकू; वय ८४, सोंवळें अद्याप कडक. त्यांनीं निवाडा दिला तो असा : "उंबऱ्याबाहेर राहील तर माझी हरकत नाहीं. संक्रांतीपर्यंत वाट पाहीन. तोंवर याला घर कोणतं नि अंगण कोणतं हें कळलं नाहीं, तर तिळगूळ देऊन निरोप द्यायचा." नातवाचे डोळे भरून आले. शिक्षणाचीं सूत्रें अर्थातच आमच्याकडे आलीं. अडतीस वर्षें मुलें शिकविलेल्या माणसास एक पिल्लूं शिकविणें तें काय कठीण?

पहिल्या दहा दिवसांचा इतिहास आम्हांस भूषणावह नाहीं. सकाळीं ओसरीवर किंवा माजघरांत ओलें दिसलें कीं, आम्ही मोतीस मानेस धरून तेथें नेत असूं, कोणी तरी सांगितल्यावरून त्याचें नाक त्या ठिकाणीं टेंकवीत असूं, आणि वर्तमानपत्राच्या सुरळीचे दोन तडाखे देत असूं. परिणाम असा झाला कीं, ओसरी आणि माजघर कोरडें राहूं लागलें व धान्याच्या कोठीमागून दुर्गंधि येऊं लागली. शिवाय आमचें पाऊल वाजतांच मोती कान पाडून, पोट जमिनीस लावून, जागच्या जागीं लघुशंका करूं लागला. तो मान खालीं घालतो त्या अर्थीं त्यास आपला अपराध कळतो, असा निष्कर्ष आम्हीं मोठ्या समाधानानें काढला होता. आमचा वृद्ध गडी हें सर्व पाहत असे. तो एके दिवशीं म्हणाला, "मास्तर, त्याले चूक नाई समजत. त्याले तुमचा हात समजते."

आम्हीं तें मनावर घेतलें नाहीं. परंतु त्याच आठवड्यांत रात्रीं नातवास महाभारत सांगतांना आदिपर्वांतील सरमेची कथा निघाली. जनमेजयाचें सत्र कुरुक्षेत्रीं चाललें असतां सरमेचा पुत्र तेथें गेला आणि राजाच्या तिघां भावांनीं त्यास मारिलें. तो रडत आईकडे आला. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलें नव्हतें, त्यास जीभ लावली नव्हती. सरमेनें सत्रांत जाऊन विचारिलें कीं, याचा अपराध काय? राजबंधूंपाशीं उत्तर नव्हतें. तेव्हां, निरपराध्यास मारिलें म्हणून तुम्हांवर न दिसणारें भय येईल, असा तिनें शाप दिला. एवढें झाल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, मग मोतीला तरी कुठं ठाऊक आहे, त्याला कशासाठीं मारलं तें?"

आम्हीं दिवा मालविला. परंतु झोंप आली नाहीं. निराळीच एक गोष्ट आठवत राहिली. १९८६ सालीं आमच्या संस्कृतच्या वर्गांत एक मुलगा होता. 'श्वन्' शब्द चालवितांना त्यानें तृतीयेचें एकवचन 'श्वना' असें सांगितलें. वास्तविक रूप 'शुना'. श्वन्, युवन् आणि मघवन्, म्हणजे कुत्रा, तरुण आणि इंद्र, या तिघांस पाणिनीनें एकाच सूत्रांत बसवून त्यांच्या 'व'काराचा 'उ'कार सांगितला आहे. ही मौज त्या मुलास सांगण्याऐवजीं आम्हीं त्याच्या तळहातावर चार छड्या मारिल्या. त्यानंतर तो संस्कृताच्या तासास दिसेनासा झाला आणि पुढच्या वर्षीं त्यानें तो विषयच सोडला. 'शुना' हें रूप तो शिकला नाहीं. आम्ही कोणत्या वाटेनें शाळेस येतों, तें मात्र शिकला. आज त्याचें जवळच्याच गांवीं दुकान आहे. आम्ही दिसलों कीं, तो अजून उठून उभा राहतो आणि मान खालीं घालतो. लोक यास गुरुभक्ति म्हणतात. आम्हीही म्हणत होतों. कोठीमागून ओढून काढलेल्या मोतीची मान पाहिल्यानंतर तसें म्हणवेना.

अधिक लाजिरवाणें हें कीं, या विषयाचें शास्त्र आम्ही अध्यापन-विद्यालयांत शिकलों होतों. १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ पावलॉव यानें, अन्नापूर्वीं नित्य मिळणाऱ्या खुणेनेंच कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटतें, हें दाखवून दिलें. अमेरिकेंतील थॉर्नडाइक यानें १८९८ सालीं पेटींत कोंडलेल्या मांजरांवरील प्रयोगांवरून, ज्या कृतीचें फळ सुखद ती कृति दृढ होते, असा नियम बसविला. सुखानें कृति जितकी दृढ होते तितकी दुःखानें क्षीण होते, असें त्यानें प्रथम मानिलें होतें. परंतु १९३२ सालीं त्यानें स्वतःच दुरुस्ती केली कीं, शिक्षेनें कृति तितकीशी क्षीण होत नाहीं. हें सर्व आम्हीं उत्तरपत्रिकेंत लिहिलें, गुण मिळविले, आणि वर्गांत शिरतांना छडी हातीं घेतली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंतील शारीरिक शिक्षेस बंदी केली, तेव्हां आम्ही ती खालीं ठेविली. पण कायद्यामुळें ठेविली, पटलें म्हणून नव्हे.

दुसऱ्या दिवशीं सुरळी चुलींत गेली आणि शिक्षणाचा पुन्हा श्रीगणेशा झाला. ज्यांच्या घरीं असा विद्यार्थी येणार असेल त्यांच्या उपयोगासाठीं पुढील पद्धत सविस्तर देतों.

प्रथम शरीरधर्म. पिल्लूं मुद्दाम घर घाण करीत नाहीं. त्यास धरवत नाहीं. वयाचे जितके महिने, त्यांत एक मिळविला असतां जितके तास होतात, तितकाच वेळ तें कसेंबसें आवरूं शकतें. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लास फार तर तीन तास. म्हणून झोंपेतून उठतांच, खाल्ल्यानंतर दहा-वीस मिनिटांत, खेळ संपतांच व निजण्यापूर्वीं त्यास बाहेर न्यावें. प्रारंभीं दिवसा दर दोन तासांनीं आणि रात्रीं एक-दोनदां. नेहमीं एकाच जागीं न्यावें, म्हणजे पूर्वीच्या वासानें त्यास आठवण होते. आम्हीं परसांतील लिंबाखालची जागा ठरविली. तेथें गेल्यावर त्याच्याशीं खेळूं नये. स्तब्ध उभें राहावें. कार्य उरकतांच, त्याच क्षणीं, शाबासकी आणि भाकरीचा लहानसा तुकडा द्यावा. घरांत परत येऊन दिलेला तुकडा हा घरांत परत आल्याबद्दलचा होतो. कृति आणि फळ यांत दोन-तीन सेकंदांहून अधिक अंतर पडलें कीं, पिल्लास त्यांचा संबंध जोडतां येत नाहीं. रात्रींच्या कृत्याबद्दल सकाळीं दिलेला मार त्याच्या लेखीं आकाशांतून पडलेला असतो.

दुसरी गोष्ट निजण्याच्या जागेची. पिल्लूं आपलें अंथरूण सहसा घाण करीत नाहीं. म्हणून ज्या वेळीं लक्ष ठेवणें शक्य नसेल त्या वेळीं सबंध घर मोकळें न देतां लहानशी जागा द्यावी. संत्र्यांचें तेंच खोकें आडवें करून, आंत गोणपाट व जुन्या लुगड्याची घडी घालून, आम्हीं मोतीचें शयनगृह केलें. मात्र तेथें त्यास शिक्षा म्हणून कधींही कोंडूं नये, आणि त्याच्या धारणाशक्तीपलीकडे ठेवूं नये.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. घरांत चूक घडलीच तर पिल्लास कांहीं न बोलतां जागा साबणाच्या पाण्यानें धुवावी आणि नंतर पाण्यांत मिसळलेल्या शिरक्यानें पुसावी. अमोनियाचा वास असलेला पदार्थ वापरूं नये, कारण मूत्राचाही वास तसाच असतो. हा नियम आम्हांस उशिरा कळला. काकू त्या जागीं शुद्धीसाठीं गोमूत्र शिंपीत असत. आणि मोती त्या वासास निमंत्रण समजून दुसऱ्या दिवशीं तेथेंच उपस्थित होत असे. कारण समजावून सांगतांच काकूंनीं क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मग गंगाजळ शिंपडीन, त्याला कांहीं वास नसतो."

आतां आज्ञापालन. येथें एकत्र कुटुंबाची एक विशेष अडचण आहे. आमच्या घरीं धाकटे बंधु "बस" म्हणत, थोरली सून "खालीं बैस" म्हणे, तिचे यजमान "सिट" म्हणत आणि मुलें तिन्ही एकदम म्हणत. अकरा गुरु आणि अकरा परिभाषा! शेवटीं एका रविवारीं सर्वांस बसवून पांच शब्द ठरविले : ये, बस, थांब, सोड, बाहेर. ते मोठ्या अक्षरांत लिहून दिनदर्शिकेशेजारीं लाविले. एकीनें नको म्हणावें आणि दुसऱ्यानें ताटांतला घांस टाकावा, असें चालू असलें तर पिल्लूं बिघडत नाहीं. घराचा नियम काय, याचाच त्यास बोध होत नाहीं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यासंबंधीं म्हणूनच असें ठरलें कीं, त्याच्या आंतून कोणींही कांहीं द्यावयाचें नाहीं. जें मिळेल तें उंबऱ्याबाहेर चारही पाय असतांना मिळेल. तीन आठवड्यांत मोतीनें उंबरा ओलांडणें सोडिलें.

'बस' शिकविण्याची युक्ति सोपी आहे. भाकरीचा तुकडा पिल्लाच्या नाकासमोर धरून हळूहळू डोक्यावरून मागें न्यावा. नाक वर जातें, मागचा भाग आपोआप खालीं टेंकतो. टेंकतांच "बस" म्हणून तुकडा द्यावा. पाठीवर दाबून बसविण्याचें कारण नाहीं. 'थांब' शिकवितांना प्रथम एकच पाऊल मागें सरावें व परत येऊन तुकडा द्यावा; मग दोन पावलें, मग चार. 'सोड' म्हणतांना तोंडांतील वस्तु हिसकूं नये. तिच्या बदल्यांत दुसरी चांगली वस्तु द्यावी. पाठ तीन ते पांच मिनिटांचा असावा. दिवसांतून चार वेळां चालेल. पिल्लाचें लक्ष उडण्यापूर्वींच तो संपवावा. आमचे तास पंचेचाळीस मिनिटांचे असत, हें येथें आठवल्यावांचून राहिलें नाहीं.

चावण्याविषयीं. चौथ्या महिन्याच्या सुमारास दुधाचे दांत पडूं लागतात आणि हिरड्या शिवशिवतात. वहाणा उचलून ठेवाव्यात आणि ओल्या कापडाची गांठ किंवा गार गाजर चघळावयास द्यावें. खेळतांना दांत लागला कीं, खेळ तत्क्षणीं थांबवून तोंड फिरवावें. खेळ बंद होणें हीच पुरेशी जाणीव होते. पण दांतानें कातडी फाटली तर मात्र हा शिक्षणाचा विषय राहत नाहीं. जखम साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. हळद, चुना, तिखट लावीत बसूं नये. पिसाळरोग एकदां अंगीं दिसूं लागला कीं, त्यावर खात्रीचा उपाय नाहीं. लस वेळेवर घेतली तर तो टळतो. पिल्लासही पहिल्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून आणि पिसाळरोगाची लस सुमारें तीन महिन्यांचें झाल्यावर, पशुवैद्यांच्या सल्ल्यानें द्यावी. खाण्यांत कांदा, लसूण, चॉकलेट आणि विशेषतः प्रसादांतील मनुका-बेदाणे देऊं नयेत. माणसास निरुपद्रवी असलेले हे पदार्थ कुत्र्यास विषासमान होतात.

खाऊ देऊन शिकविलेलें जनावर लालचावतें, प्रसंगीं कामास येत नाहीं, असा आक्षेप आमच्या एका स्नेह्यांनीं घेतला. त्यांस आम्हीं झंजीरची आठवण दिली. हा लॅब्रॅडोर जातीचा श्वान पुण्यास शिवाजीनगर येथें गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रांत शिकला आणि १९९२ च्या अखेरीस मुंबई पोलिसांच्या बाँबशोधक पथकांत दाखल झाला. १९९३ च्या मार्चमधील स्फोटमालिकेच्या काळांत त्यानें ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबाँब आणि ६,४०६ काडतुसें हुडकून दिलीं, अशी नोंद आहे. २००० च्या नोव्हेंबरांत तो अस्थींच्या कर्करोगानें वारला, तेव्हां त्यास पोलिसांनीं सन्मानपूर्वक मूठमाती दिली. अशा श्वानांचें शिक्षण, ठराविक वास सांपडला कीं खेळ किंवा खाऊ मिळतो, याच जोडीवर उभें असतें. मार चुकवूं पाहणारें जनावर शोध घेत नाहीं. तें लपावयास कोपरा पाहतें.

याची प्रचीति आम्हांस पौषांत आली. दुपारीं कोणाच्या तरी हातून फाटक उघडें राहिलें आणि मोती रस्त्याकडे धांवत सुटला. ज्या रस्त्यावर त्याची आई गेली तोच हा रस्ता. आम्हीं ओसरीवरून जोरानें ओरडलों, "मोती! थांब म्हणतों ना!" तो आमचा जुना आवाज होता, वर्गांतला. मोतीनें एकदां मागें पाहिलें, कान पाडिले आणि दुप्पट वेगानें पुढें पळाला. समोरून मालमोटार येत होती. इतक्यांत नातू फाटकाशीं गुडघ्यांवर बसला, त्यानें दोन्ही हात पसरले आणि रोज सकाळीं म्हणतो त्याच गोड आवाजांत म्हटलें, "मोती, ये!" मोती थबकला, वळला आणि त्याच्या कुशींत शिरला. मोटार धूळ उडवीत निघून गेली.

नातवानें त्यास एक शब्द बोलला नाहीं. खिशांतला शेंगदाण्याचा दाणा काढून त्यानें तो त्यास दिला. आम्हीं असतों तर परत आल्यावर बहुधा एक चापट दिली असती, आणि पुढच्या वेळीं तो आला नसता. 'ये' म्हटल्यावर जो आला त्यास कधींही शिक्षा करूं नये, हा या शास्त्रांतील सर्वांत मोठा नियम आहे. तो आम्हांस एका आठ वर्षांच्या मुलाकडून कळला.

संक्रांतीच्या दिवशीं काकूंनीं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं उभें राहून मोतीकडे पाहिलें. सतरा दिवसांत घरांत एकही चूक झाली नव्हती. हा हिशेब त्यांनींच ठेविला होता. त्यांनीं "बस" म्हटलें, तो बसला. त्यांनीं बाजरीच्या भाकरीचा तुकडा उंबऱ्याबाहेर ठेविला आणि म्हणाल्या, "राहूं दे. घरांतल्या कांहीं माणसांपेक्षां बरं ऐकतो."

सायंकाळीं तिळगुळाची पुडी घेऊन आम्ही शेजारच्या गांवीं त्या दुकानीं गेलों. आमचा जुना विद्यार्थी उठून उभा राहिला, मान खालीं. आम्हीं त्याच्या हातावर तिळगूळ ठेविला. तो हात आतां पन्नाशी उलटलेल्या माणसाचा आहे. आम्हीं म्हटलें, "'आत्मना' होतें, तसें 'श्वना' व्हावें, असें तुला वाटलें असेल. तसें वाटणें स्वाभाविक होतें. तेव्हां छडी मारली, ती चूक झाली."

तो बराच वेळ गोंधळून पाहत राहिला. त्यास तें रूप मुळींच आठवत नव्हतें. छडी मात्र आठवत होती. चार होत्या, हेंही आठवत होतें.